चारवर

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पंखा मुका झाला.
एक, नाही. दोन, नाही. तीन, नाही.
चारवर मात्र असा सुटला
की जाळीतून एक पिवळी पाकळी उडाली
आणि मागे बसलेल्या आईच्या चष्म्याला चिकटली.

सत्त्याण्णवची एस्टीम. बाबांनी घेतली, बाबांनीच चालवली.
आता मी. मंगळवारी आणि शुक्रवारी
आईचा खांदा घेऊन कलिन्याहून सायनला.
दोनवर ठेव, असं ती म्हणायची, बसता बसता,
पदर आत ओढून घ्यायच्याही आधी.

पण दोन उरलंच नव्हतं.
बंद ठेवला तर कुर्ल्याच्या सिग्नलला पाठ सीटची व्हायची.
चारवर ठेवला तर आत विमान उतरतंय असा आवाज.
आई काहीतरी विचारायची.
मी आरशात तिचे हलणारे ओठ बघून
हो म्हणायचे.
तीन आठवड्यांत किती हो झाले, हिशेब नाही.

एकाने सांगितलं, मोटर गेली, चार हजार.
दुसरा म्हणाला गॅस भरू.
तिसरा इनास. गावठाणात क्रुसाच्या मागे पत्र्याची शेड,
स्टुलावर बसून कुणाचा तरी हॉर्न खोलत होता.
मान वर न करता विचारलं,
'चारवर चालतो नं?'
चालतो.
'मग मोटर जिती आहे. फ्यूजबी जिता आहे.
उगाच कुणाला मारू नकोस.'

त्याने डाव्या बाजूचा खण रिकामा करून माझ्या ओंजळीत दिला:
पीयूसीच्या विटलेल्या चिठ्ठ्या, अर्धा कंगवा,
वाशी टोलची पावती, तिच्यावर बाबांच्या अक्षरात
'हवा ३०'.
मग तो पाय बाहेर, डोकं आत, असा आडवा झाला
आणि तिथूनच बोलत राहिला.
चारला करंट सरळ जातो, मधे कोणी नाही.
एक-दोन-तीनला तारेच्या गुंडाळीतून जातो,
ती थोडा थोडा खाते, म्हणून वारा हळू.
'खाते ती तापते बाय.
म्हणून तिला वाऱ्याच्याच वाटेत बसवलीय.
जो वारा ती आवरते, तोच तिला गार ठेवतो.'

दोन स्क्रू.
गुंडाळी बाहेर आली, बोटभर, एका जागी तुटलेली, निळीकाळी.
मीटरच्या दोन्ही सुया टोचल्या.
मीटर गप्प.

मला वाटलं झालं. पण त्याने कोपरापर्यंत हात घातला
आणि मूठ बाहेर काढली.
सोनमोहर.
पुन्हा मूठ. पुन्हा.
पेपरवर ढीग, वरचा पिवळा, मधला तपकिरीसारखा,
तळाचा काळा, बोटाने दाबला की भुगा.
सोसायटीतल्या त्या झाडाखाली दुसऱ्या कुणाची गाडी
बाबांनी कधी लावू दिली नाही.
'वारा अडला,' इनास म्हणाला, 'मग जळणार नाय तर काय.'
पेपर चौघडी करून त्याने गटारापलीकडे झटकला.
मी अडवणार होते.
कशाला, ते सुचलं नाही.

नवी गुंडाळी जुनीच, भंगारातल्या झेनची, साडेचारशे.
एक.
जाळीसमोर तळवा धरला. वारा आहे की भास, कळेना.
दोन.
आहे.

शुक्रवारी आई बसली. पदर आत घेतला.
मी न सांगता दोनवर ठेवला.
कुर्ल्याचा सिग्नल, एकशे दहा सेकंद, लाल.
गाडीत इतकी शांतता
की तिच्या पिशवीतल्या बाटलीतलं पाणी ऐकू येत होतं.

'मग,' ती म्हणाली, अगदी घरातल्या आवाजात,
'रविवारी येतोय ना तो माणूस, गाडी बघायला?
तीनदा विचारलं मी तुला.
तिन्ही वेळा हो म्हणालीस.'

माझा हात आपसूक बटणावर गेला.
तीन.
चार.