नाक चढाला

पहाटे अडीचला रताळी भरून मार्केटातून निघालो
की जांबोटी येईस्तोवर पाय आपले राहत नसत.
क्लच पुरता दाबला की नाही
ते गिअरच्या खरखरीवरून कळायचं.

गाडी ब्याण्णवची. कंपनीचा हीटर तिला नव्हताच.
हा सासऱ्यांनी कॅम्पातल्या लिलावात
मिलिटरीच्या भंगारातून उचललेला:
हिरवा डबा, एक पंखा, दोन नळ्या,
वर पांढऱ्या रंगात कुठल्यातरी गाडीचा नंबर.
सासरे सांगायचे, लेहला जाऊन आलाय ह्यो.
मला वाटायचं, तिथलीच हवा
अजून थोडी थोडी सोडतोय.

क्लीनर भरमा, हुक्केरीकडचा.
त्याची चळी, माझी थंडी,
दात दोघांचे सारखेच वाजायचे.

आधी आमचेच उपाय.
पेडलांच्या भोकांत गोणपाट कोंबलं,
दाराच्या फटीला सायकलची ट्यूब चिरून चिकटवली,
रेडिएटरपुढं बिस्किटांच्या खोक्याचा पुठ्ठा,
तोही अर्धाच.
दस्तगीर मिस्त्रींनी बजावलेलं,
"सगळा झाकलास तर इंजिन शिजतंय, बघ."

शेवटी एका रविवारी ऑटोनगरात त्यांच्याकडंच गाडी घातली.
इंजिन चालू ठेवून त्यांनी नुसत्या नळ्या धरल्या,
वैद्यानं दोन मनगटं धरावीत तशा.
"ही कोमट. ती गार.
पाणी आत जातंय, खरं फिरंना झालंय."
मग उलट्या तोंडानं पाइप लावला
आणि डब्यातून आला गाळ,
आधी चहासारखा,
मग विटेच्या रंगाचा, मग नुसते खपले.
भरमा बादल्या मोजत होता, नवाव्या बादलीला थांबला.

"आणि थर्मोस्टॅट कुठाय?"
बोल्ट काढलेल्या घरात बोट फिरवून
मिस्त्रींनी माझ्याकडं बघितलं. घर मोकळंच.

मला ठाऊक होतं.
अनमोड घाटात, मे महिन्यात, गाडी उकळली होती,
सासऱ्यांनी रस्त्यातच पान्यानं तो काढून
टूलबॉक्समध्ये टाकला आणि गाडी नेली.
पुन्हा कधी उकळली नाही.
पुन्हा कधी तापलीही नाही.
एकवीस हिवाळे.

तो सापडला, ग्रीसच्या फडक्यात गुंडाळलेला,
लहान कांद्याएवढा.
मिस्त्रींनी चहावाल्याकडून उकळतं पाणी मागवलं,
त्यात सोडला. आम्ही तिघंही वाकून बघत होतो.
झाकण हललंसुद्धा नाही.
"काढला ते बरोबरच केलं म्हाताऱ्यानं," मिस्त्री म्हणाले,
"खरं दुसरा घालायचा राहिला."
नवा चारशे दहाला मिळाला.

एवढं करूनही पंख्यातून गारच.
"गाळी अडकलीया आत," भरमा म्हणाला.
मिस्त्री हसले. "व्हय की, तेच.
उद्या इंजिन गार असताना, चढाला नाक करून लाव."

दुसऱ्या दिवशी जांबोटीच्या चढावर,
चाकांना दगड, रेडिएटरचं टोपण काढलेलं,
भरमा बंपरवर तांब्या घेऊन.
मी गाडी चालू केली, हळू रेस दिली.
बुडबुडे आले. पाणी खाली गेलं.
त्यानं ओतलं. पुन्हा आले.
असं बराच वेळ,
आणि नंतर बुडबुडे यायचे थांबले.

रात्री गेज अर्ध्यावर आला
तेव्हा पंख्याला जळक्या धुळीचा वास येत होता,
त्यात कुणाची तरी जुनी बिडी.
मग घोट्यांना काहीतरी लागलं.
भरमानं कांबळं सोडलं, दोन्ही हात पुढं धरले.
"बिसी बंतु," म्हणाला,
आणि कणकुंबीच्या आधीच झोपला.

कणकुंबीला शेवंताक्काच्या टपरीवर आम्ही रोज थांबायचो.
चहासाठी नाही, तिच्या चुलीसाठी.
त्या रात्री थांबावंसं वाटलं नाही.
हेडलाइटमध्ये ती दिसली,
दोन्ही हातांत भरलेले ग्लास,
आणि मागच्या आरशात बराच वेळ तशीच.

दुसऱ्या रात्री मी ब्रेक मारला.
"काल गाडी बंद पडलेली काय?" तिनं विचारलं.
"व्हय," म्हणालो,
आणि उतरताना हीटर बंद केला.