पंधरा अँपिअर

चारकोपच्या घरात माझा ओटा साडेचार फुटांचा,
त्यातले दोन शेगडीचे.
पंधरा अँपिअरचा प्लग एकच.
त्याच्यासमोर सगळे नंबर लावून उभे,
म्हाडाच्या खिडकीवर असल्यासारखे.
मिक्सर आला की मायक्रोवेव्हनं हटायचं.
एअर फ्रायर आणि गिझर एकदम लागले की
घरभर अंधार,
आणि अंगाला साबण लावलेला श्रीरंग
माझं नाव घेतो,
उखाण्यातसुद्धा कधी घेतलं नव्हतं इतक्या जोरात.

एअर फ्रायर नणंदेनं दिला, दिवाळीला.
तेल टाळा, म्हणाली, हृदयाला जपा.
मी त्यात बोंबील घातले.
बारा मिनिटांनी जे निघालं
त्याला तळलेलं म्हणवेना, कालवण म्हणवेना.
रव्याचे सदरे जाळीला चिकटलेले
आणि आतले बोंबील पसार.
हृदय तेवढं शाबूत राहिलं.

मग एका शनिवारी माळा उतरवला.
नियम एकच ठेवला:
ज्याला वापरण्यापेक्षा धुवायला जास्त वेळ लागतो,
ते गेलं.

फूड प्रोसेसर गेला.
दोन काकड्या कोचवायला सात भाग जोडा,
सात भाग धुवा,
सात भाग कुठे ठेवले ते शोधा.
विळीनं तोवर काकडी कोचवून
दाण्याच्या कुटाची वाट बघितली असती.
अंडी उकडायचं यंत्र गेलं.
एका वेळी सात अंडी.
घरात माणसं दोन,
त्यातलं एक डॉक्टरांच्या नजरेखाली.
रबरी पायाची खवणी,
ओट्याला घट्ट धरते म्हणे.
धरते. मग सोडत नाही.
तिला उलथन्यानं उचकटलं, तेव्हा गेली.

मिक्सर राहिला.
त्याचं झाकण तळहातानं दाबून धरावं लागतं,
पण खालचे वाघेला त्याच्यावर घड्याळ लावतात:
सव्वासात, चटणी.

सांडशीचा विचारसुद्धा केला नाही.
एक पाय वाकडा आहे तिचा.
एकोणीस वर्षांत चहाचं पातेलं
एकदाही सोडलं नाही तिनं,
आणि तिला कुणी
रंगीत कागदात गुंडाळून आणलं नाही.

उरला रोटीमेकर. तो माझ्या हौसेचा,
बोरिवलीच्या प्रदर्शनातला, साडेतीन हजारांचा.
तिथल्या बाईच्या हाताखाली पोळी टम्म फुगायची,
माझ्या हाताखाली पापड.
मी वायर त्याच्याभोवती गुंडाळली,
जरा जास्तच घट्ट.

इद्रीस भंगारवाल्यानं काटा धरला.
तांबं किती, ॲल्युमिनियम किती,
प्लास्टिकचं काय नाय ताई.
साडेतीनशे रुपये झाले
सगळ्या मोहाचे.

पंधरवड्यानं तो परत आला. हातात काटा नव्हता.
"ते रोटीवालं मशीन तोडलं नाय मी, घरी ठेवलं.
पण रोटी कडक येते.
बायको बोलली, ताईला विचारून ये."

दारात उभी राहून मी सांगत होते
आणि ऐकतही होते:
पीठ सैल भिजव म्हणावं, आपल्या नेहमीपेक्षा सैल,
गरम पाण्यात. अर्धा तास झाकून ठेव.
गोळा मधोमध नको, जरा मागे.
दाब दिला की लगेच उचल,
धरून बसू नको.

हे सगळं त्या प्रदर्शनातल्या बाईनं सांगितलं होतं.
मी लाइटबिलामागे लिहूनही घेतलं होतं.
तो झाकून ठेवायचा अर्धा तास
तेवढा मला कधी सापडला नाही,
आणि मी दोष दिला यंत्राला.

इद्रीस बोटांवर मोजत जिना उतरला,
सैल, गरम, मागे, लगेच.

मी आत आले.
परातीत कणीक होती, घट्ट, सवयीची.
तिच्यात थोडं गरम पाणी घातलं,
वर ताट झाकलं
आणि घड्याळात पाहिलं.