दिरांचा कार्दो, माझं आर्टिचोक

लग्न होऊन आले तेव्हा मी समुद्राकडून आणली होती
आर्टिचोकची सहा पिलं, ओल्या गोणपाटात,
आईच्या झाडाच्या बुडातून सुरीनं सोडवलेली.
मोठे दीर एवाझिओ कुंपणाशी उभे.
"इथं जमीन गोठते, पोरी.
हे उन्हातलं माणूस आहे."
मग त्यांनी आपला कार्दो दाखवला,
बेल्बो नदीच्या वाळूत कमरेएवढा, राखी पानांचा.
ना पाणी, ना खत, ना कौतुक.

माझ्या झाडाला मार्चपासून रोज दोन बादल्या,
शेळीचं लेंडीखत, नोव्हेंबरात गव्हाच्या काडाची दुलई,
आणि तरी दोन पिलं पहिल्याच थंडीत गेली.
त्यांच्या झाडाला मे महिन्यात बोटभर खड्डा, बी,
आणि पुढं सप्टेंबरपर्यंत शिव्या.

सप्टेंबरात मात्र
दीर त्याची पानं मिठीत घेत, दोरीनं बांधत,
गुडघा टेकून त्याला एका कुशीवर निजवत
आणि वर माती ओढत.
जिवंत!
पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी रडले. नवरा हसला.
आतल्या अंधारात झाड वर उठू बघतं,
उठता येत नाही म्हणून फुगतं,
पाठीला पोक काढतं, हिरवेपणा विसरतं.
महिन्यानं उकरला की निघतो
पांढराफेक, कुबडा,
काकडीसारखा कटकन मोडणारा.

"गाडला नाही तर कडू राहतो," दीर म्हणत.
"आणि माझं झाकलं नाही तर मरतं," मी म्हणे.
"म्हणजे दोघांनाही पांघरूण," नवरा म्हणे,
"आता जेवायला वाढा."

त्यांचा कार्दो कच्चा खायचा.
मध्ये मातीची शेगडी, तिच्यावर तेलात विरघळलेली
लसूण आणि खारवलेली मांदेली,
सगळ्यांनी एकाच भांड्यात बुडवायचं,
हनुवटीखाली पाव धरून.
दुसऱ्या दिवशी अख्ख्या गावाच्या तोंडाला एकच वास.

माझं खायला वेळ लागतो.
एकेक पाकळी उपटायची, दातांनी ओरबाडायची,
बशीत ढीग वाढतो, पोट भरत नाही.
मग घशात अडकणारी लव खरवडायची,
तेव्हा कुठं घासभर गाभा.
"एवढ्यासाठी एवढं?" दीर विचारत.
नंतर पाणी पीत आणि पेल्याकडे बघत राहत.
आर्टिचोकवर साधं पाणी गोड लागतं.
हे मी त्यांना मुद्दाम सांगितलं नव्हतं.

बोटं दोन्हींनी सारखीच काळी होतात.
लिंबानं जातात. सगळी नाही.

ज्या वर्षी दीर आस्तीच्या दवाखान्यात होते
(पोक आता त्यांनाच आलं होतं)
त्या वर्षी कुणी उकरलं नाही, कुणी कापलं नाही.
मी बसनं डबा घेऊन जात होते, बागेकडं पाठ करून.
एप्रिलात चर आपोआप खचला,
ढेकळं बाजूला सारून कार्दो उठून बसला.
आणि जुलैच्या एका सकाळी, बस चुकली म्हणून मागं वळले, तर
कुंपणाच्या अलीकडे आणि पलीकडे
तेच जांभळं, मुठीएवढं, काट्यांच्या वाटीत पेटलेलं.
मधमाश्या इकडून तिकडं, विचारपूस न करता.
बावीस वर्षं शेजारी राहून
आम्ही त्यांचं फूल पाहिलंच नव्हतं.
एकाला त्याआधी गाडायचो, एकाला त्याआधी कापायचो.

दोन फुलं कागदात गुंडाळून नेली.
माझ्याच्या देठाला लाल दोरा बांधला, नाहीतर मलाच कळलं नसतं.
दिरांनी दोन्ही बराच वेळ हुंगली.
नाकाला पराग लागला.
दोऱ्याचं उचलून म्हणाले, "हे माझं."
मी हो म्हटलं.

उरलेल्या फुलांचे तुरे माळ्यावर वाळत घातलेत.
गवीनो मेंढपाळ सांगतो, चिमूटभर भिजवून घातलं
तर मेंढीचं दूध लागतं, घट्ट, थोडं कडसर.
कुठल्या झाडाचं, हे मी विचारलं नाही.
दूध लागलं तर
गुरुवारी एक वाटी नेईन.