व्हिनेगर लावल्यानंतरचं मिनिट

मोखोत्लोंगच्या दवाखान्यात जूनमध्ये
नळ गोठतात.
स्पेक्युलम मी आधी हीटरपाशी धरते,
मग बाईच्या मांडीला टेकवून विचारते,
"चालेल?"

मालिनेओ दोन डोंगर उतरून आली आहे.
तट्टू बाहेर, कुंपणाला बांधलेलं.
पाठीवरची घोंगडी काही ती काढत नाही.
"तुझं काम खाली," म्हणते,
"वरचं अंग मला परतायला लागेल."

कापसाचा बोळा व्हिनेगरमध्ये बुडवायचा,
गर्भाशयाच्या मुखाला लावायचा
आणि मिनिटभर थांबायचं.
वास कोबीच्या लोणच्याचा.
या मिनिटात बायका काहीही बोलतात.
लोकरीचा भाव. सासू.
एकीने अख्खं स्तोत्र म्हटलं होतं,
तेही सुरात.

मालिनेओ विचारते,
"आधी कोण आलं?
नऊ वर्षांमागे रक्तात सापडला तो,
की हा, ज्याला तू आज शोधते आहेस?"

ती हे का विचारते, मला कळतं.
मोलेफी खाणीतून आला तो खोकतच,
आणि गेला.
मोलेफीच्या आधीही कुणीतरी होतं,
त्याचं नाव तिने मला कधी सांगितलं नाही.
नऊ वर्षं ती थडग्याशी भांडते आहे.

तारखा ते दोघेही ठेवत नाहीत, मालिनेओ.
एचपीव्ही तर बहुतेक जणींकडे येतो,
वर्ष-दोन वर्षांत शरीर त्याला
वाटेला लावतं, पत्ताही लागत नाही.
पण असतो तोवर ती जागा हुळहुळी,
पहाऱ्यावरच्या पेशी धावून तिथेच गोळा होतात,
आणि एचआयव्हीला नेमक्या त्याच हव्या असतात.
आता उलटं धर.
तो आधी आला, पहारा विरळ झाला,
मग हा पाहुणा उठतच नाही,
चूल मांडतो.
चोराच्या वाटा चोराला ठाऊक म्हणतात,
हे दोघे तर एकमेकांसाठी
कडी काढून ठेवतात.

"म्हणजे मोलेफी नव्हे?"
"म्हणजे मला माहीत नाही."

मिनिट कधीच संपलं होतं.
दहाच्या काट्यावर डाग, पांढरा, कडा स्पष्ट.
बर्फासारखा म्हणणार होते,
पण बर्फ आपोआप वितळतो.

"लहान आहे," मी म्हणते. "आजच जाळू."
रात्री आठच्या बातम्यांना
तू ती गोळी गिळत आलीस ना,
एकदाही न चुकता,
त्याचाही हात असेल यात.

यंत्र बॅटरीवरचं, मुठीएवढं.
शंभर अंश. साठ सेकंद.
"मेंढ्या मोज," मी सांगते.
ती मोजते, बेचाळीसला थांबते.
"पुढे?"
"एवढ्याच उरल्यात."
उरलेले अठरा सेकंद
आम्ही दोघी गप्प.

घोंगडीची पिन लावताना विचारते,
लिनेओला दहावं लागलं, ती शाळेतली सुई,
ती याच्यावरच ना?
याच्यावरच.
"मग मी स्वतः नेऊन उभी करते तिला."

वर्षाने ये, मी म्हणते. महिनाभर जपून.
आणि आज तट्टावर बसू नकोस.

नोंदवहीत दोन रकाने शेजारी-शेजारी आहेत.
दोन्हींत खूण करते.
मधली छापील रेघ
पुसट झाली आहे, शाई कमी पडली असावी.

खिडकीतून दिसतं,
लगाम हातात धरून ती चढ चालते आहे,
तट्टू मागे, पाठ रिकामी,
आणि ती त्याला काहीतरी सांगते आहे.