चाळीस मिनिटं

भरती-ओहोटीचं एक लहानसं अ‍ॅप.
पाच वर्षं सांभाळते आहे, फुकट, कुणालाही खुलं.
होड्यांवर वापरतात, कालवं काढणाऱ्या बायाही.

माघातल्या एका रात्री, दोन वाजून अकरा मिनिटांनी
नदीम होडेकर नावाच्या कुणीतरी
सात ओळींची दुरुस्ती पाठवली.
खाली लिहिलं होतं, खाडीत पाणी उशिरा फिरतं.
शुद्धलेखन चुकलेलं. चाचणी जोडलेली नाही.

चहा निवायच्या आत मी उत्तर दिलं:
"आधी नियम वाचा. हे असं चालत नाही."
आणि पाठ फिरवली,
दारात मासळी घेऊन आलेल्या माणसाला
आत बोलवायच्या आधीच टोपलीतलं खवलं दाखवावं तसं.

मग तो बोललाच नाही.
मला वाटलं, बरं झालं, एक काम कमी.

शिमगा उलटला आणि आचऱ्याच्या खाडीत
आमची होडी चिखलात रुतली.
माझ्या फोनवर भरती कधीच सुरू झालेली.
धर्मा खवणेकर वल्हं आडवं ठेवून विडी शोधू लागला.
"पाण्याक तुजा घड्याळ खय कळता, बाय?
खाडयेचा तोंड रेवेन भरलाहा."
बसून राहिलो.
कुर्ल्या बिळातून वर आल्या,
आमच्याकडे बघून परत गेल्या.
पाणी आलं तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती.

चाळीस.
नदीमच्या सातव्या ओळीत हाच आकडा होता.

घरी येऊन त्याचं पान उघडलं.
देवगड, बर्फाचा कारखाना, रात्रपाळी.
एवढंच. आणि ते तेव्हाही तिथेच होतं.
लाद्या ढकलून बधिर झालेली बोटं,
त्या बोटांनी, कुणी न सांगता,
माझी चूक सुधारत बसलेला माणूस.

रापण ओढताना इथे
दोराला नुसता हात लावलेल्या पोरालाही वाटा मिळतो.
दोर कसा धरायचा तेही सांगतात,
पण त्याच्या शेजारी उभं राहून,
तोच दोर धरून.

आज रात्री लिहिते आहे.
आधी माफी लिहिली, तिच्यामागून "पण" आला.
"पण" खोडला.
"चाचणी कशी जोडायची ते मिळून बघू", हे ठेवलं.
"तुमचा आकडा बरोबर होता", हे सगळ्यात वर नेलं,
जिथे सगळ्यांना त्याचं नाव दिसेल.

उत्तर आलेलं नाही.
बाहेर पाणी फिरायला लागलंय,
माझ्या तक्त्यापेक्षा उशिरा.