बघायचं नाही

टेकडीवर चढणारी दोरखंडाची गाडी तीन आठवडे बंद,
म्हणून सुईणबाई एर्मिंदा जिन्याने उतरत होत्या.
वाल्पाराइसोचे जिने : एक पायरी वीतभर, दुसरी गुडघाभर,
आणि तिसरीवर कुणाचंतरी कुत्रं झोपलेलं.
कुत्र्याला त्यांनी चुकवलं.
लॅपटॉप अकरा पायऱ्या खाली गेला.
अकराच. त्यांनी मोजल्या.
कळांमधलं अंतर मोजायची जन्माची सवय.

दुकानात आल्या तेव्हा कोपर सोलवटलेलं,
त्याकडे बघायलाही तयार नाहीत.
"परत चालू करून पाहिलात?"
"चारदा."
मी कपाळाला हात लावला.
पडलेल्या माणसाला लगेच उठवून चालवू नये
हे तुम्हाला मी सांगायचं, बाई?

कान लावला. टक्. टक्. टक्.
आत तबकडीवरून एक हात फिरत असतो,
केसाच्या हजाराव्या हिश्शाइतकं अंतर राखून,
आयुष्यभर, न टेकता.
तो टेकला होता.

"यात बायका आहेत," त्या म्हणाल्या,
"त्यांची पोटं आहेत. काही जन्मलेले, काही न जन्मलेले.
वाचव. पण बघायचं नाही."
मी म्हटलं, मी हमाल. पोतं उचलतो, सोडत नाही.

अशी टकटक करणाऱ्या दहातल्या नऊ मी परत पाठवतो.
ही, का कोण जाणे, वाचू लागली.
आधी सोपं ते उचलायचं,
दुखऱ्या जागेला शेवटी हात लावायचा,
तोही उलट्या बाजूने, हळू.
डिस्क तापली की थांबायचं.
ऑगस्टच्या गारठ्यात मी तिच्यावर टेबलफॅन लावून बसलो
आणि समोरचा मासेवाला बायकोला म्हणाला,
ओयार्सून गेला कामातून.

दोन रात्री.
नवी डिस्क शेजारी, हलकी, मुकी,
तिच्यात फिरणारं काही नाही, टेकणारं काही नाही.
मला अजून त्यांचा भरवसा वाटत नाही.
आवाज न करता मरतात.

शेवटी यादी तपासायची असते. ते टळत नाही.
मी नावांवर पट्टी धरल्यासारखा
फक्त आकडे बघत खाली येत होतो.
पट्टी सरकली.

ओयार्सून, यासना. जुलै.

या टेकडीवर ओयार्सून पुष्कळ.
यासना एकच,
माझ्या मागच्या खोलीत झोपते.

एंटरच्या बटणावरचं अक्षर कधीच झिजून गेलंय.
त्यावर बोट होतं. किती वेळ, ते मोजलं नाही.
मग मी बोट उचललं
आणि खालच्या ओळीचा आकडा लिहून घेतला.

एर्मिंदा आल्या. त्यांच्यासमोर जुनी डिस्क शिकंजात धरली,
ड्रिलने आरपार तीन भोकं पाडली.
चमकता चुरा त्यांनी स्वतः कागदात गोळा केला.
एक प्रत घरी ठेवा, म्हटलं, एक दुसऱ्या छपराखाली,
दोन्हींना कुलूप,
आणि परवलीचा शब्द कुत्र्याच्या नावाचा नको.
"किती गेलं?"
"चार फायली."
"कुणाच्या?"
"ते मला कसं कळणार?"
त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ,
बाळाचा रंग पाहतात तसं.
पैसे मोजून ठेवले. एक नोट जास्त.
मी ती परत केली.

संध्याकाळी यासनाने पाव कापला, आवोकाडो ठेचला.
मीठ जास्त झालं होतं. मी खाल्लं.
म्हटलं, उद्यापासून गाडी सुरू होतेय म्हणे.
"हो?" ती म्हणाली. "बरं झालं.
जिने नको वाटतात हल्ली."

मी तिचा कप
टेबलाच्या कडेपासून थोडा आत सरकवला.