हातचा

न्यूयॉर्क, एकोणीसशे त्रेचाळीस.
नदीकडे पाठ केलेल्या इस्पितळाचा सहावा मजला,
तिथल्या मागच्या खोलीत
लुडमिला हावरानेक बाटल्या धुते आहे.
आधी सोड्याचं पाणी, मग साधं, मग उकळून थेंबवलेलं.
थेंब काचेवर अडला तर काच अजून मळकी:
एवढं शास्त्र तिला येतं
आणि ते आजवर चुकलेलं नाही.

बाटल्यांत काय वाढतं ते तिला ठाऊक आहे.
तेच जंतू.
चोविसच्या फेब्रुवारीत त्यांनी
यारोमीरची छाती भरली पाच दिवसांत.
एमिल तेव्हा पोटात होता.

इथे त्यांना डेअरीतल्या यंत्रात फिरवतात,
दुधावेगळी साय काढावी तसे काढतात,
तापवून मारतात
आणि मेलेल्यांचा अर्क
दुसऱ्या, दुबळ्या, खडबडीत जंतूंना पाजतात.
ते गुळगुळीत होतात. तुकतुकीत. मारके.
त्यांची पोरंही तशीच, पोरांची पोरंही.
म्हणजे मेलेल्याने जिवंताला अंगरखा दिला, ठीक,
पण सोबत तो शिवायची विद्याही दिली.

आमच्याकडे म्हणतात, खाण तशी माती.
खाण नेमकी कुठे, हे विचारायचं राहून गेलं.

डॉक्टर प्रॅट म्हणतात, असेल तर प्रथिनात.
प्रथिनं बहुश्रुत, त्यांची लिपी विसेक अक्षरांची.
आणि ते दुसरं, ते आम्ल?
ते बिचारं चार अक्षरं शिकलेलं,
त्याच्या हाती कोण देईल घराच्या किल्ल्या!

रूफस टेनबर्ग, हुद्दा मदतनीस, वय तेवीस,
वाद घालत नाही. वजाबाकी करतो.
प्रथिनं पचवून टाकली: विद्या उरली.
साखरेचा अंगरखाच फाडला: तरी उरली.
मग एका गुरुवारी कुत्र्याच्या आतड्यातला रस,
फक्त त्या आम्लालाच कातरणारा.
सकाळी नळीच्या तळाशी
खडबडीत जंतूंचा गाळ, वर निवळशंख पाणी.
काहीही घडलेलं नव्हतं.
रूफस त्या न घडण्याकडे
बराच वेळ बघत राहिला, डबा हातात तसाच.

त्याने तिला एकदा बोलावून दाखवलं होतं:
अर्कात अल्कोहोल थेंब थेंब, काचेची कांडी सावकाश,
आणि कुठूनसा एक पांढरा तंतू
कांडीला गुंडाळत आला, टकळीवर सूत यावं तसा.
"हे काय?"
"बहुतेक तेच."
लुडमिला म्हणाली, "पीळ चांगला आहे. तुटू देऊ नकोस."

शनिवारी सैन्याच्या डाकेने फोटो आला.
वाळू, तंबू, तीन पोरं.
मधला पत्र वाचतोय,
डाव्या कानाची पाळी चिमटीत धरून.
तिने फोटो उपडा ठेवला. पुन्हा उलटा केला.
स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून
असाच पेपर वाचायचा यारोमीर,
ज्याला या पोराने
कधी पाहिलेलं नाही.

डॉक्टर प्रॅट निबंधात "कदाचित" लिहितात,
खोडतात, पुन्हा लिहितात.
वीस वेळा करून झालं, एकविसाव्यांदा करा म्हणतात.
म्हणजे आणखी बाटल्या.
कांडी मात्र ती शेवटी धुते.
तंतू पाण्यात विरघळतो, दिसेनासा होतो,
आणि थेंब काचेवरून न अडता ओघळतो.

रात्री वाण्याच्या पुडीच्या कागदावर
ती आठवड्याचा हिशेब मांडते:
कोळसा, पाव, एमिलसाठी मोजे.
पोटतिडकीने नाही, सवयीने.
गावच्या शाळेत मास्तरीण बजावायची,
हातचा विसरलात की सगळं चुकतं.
म्हणून आकडे मोठे, ठळक,
आणि वर कोपऱ्यात, कुणाला दिसेल न दिसेल असा
पेन्सिलीने बारीक
एक.